दारापलीकडचे भाऊजी

चैत्रातल्या एका मंगळवारी सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी माझी बायको शैला गेली. मी रुग्णालयाच्या तळमजल्यावर औषधं आणायला गेलो होतो. वर आलो तेव्हा परिचारिकेनं यंत्र बंद केलं होतं. औषधांची पिशवी मी खिडकीत ठेवली.

त्याला वर्ष होऊन गेलं. गेल्या आठवड्यात आंब्याची पेटी आली. राजापूरचा माझा चुलतभाऊ दर वर्षी पाठवतो. वाशीच्या फळबाजारापर्यंत ती ट्रकमधून येते आणि तिथून मी रिक्षानं कोपरखैरण्याला आणतो. पेटी पायाशी घेऊन बसलं की फळ्यांच्या फटींतून पेंढ्याच्या काड्या पँटला चिकटतात. आंब्याचा वास लगेच येत नाही. पहिले दोन दिवस नुसता गवताचा वास असतो. मग तिसऱ्या किंवा चौथ्या दिवशी दुपारी, पडदे ओढलेले असताना, दार न वाजवता कुणीतरी घरात आल्यासारखा तो येतो. या वर्षीही आला. मी हॉलमध्ये बसलो होतो. मान वर केली, आणि पुन्हा खाली घातली.

आमच्याकडे अक्षय्य तृतीयेपर्यंत आंबा खात नाहीत. त्या दिवशी पाण्यानं भरलेली मातीची घागर आणि पहिला आंबा गेलेल्या माणसांसाठी ठेवायचा, मग घरातल्यांनी खायचा. शैला सातारा भागातली, तिच्या माहेरीही हीच रीत. पेटी घरात आल्यापासून तृतीयेपर्यंतचे दिवस तिला फार जड जायचे. "गेलेल्यांचं बरं आहे," ती म्हणायची, "पेटी कुणीही आणो, पहिला नंबर त्यांचा."

गेल्या वर्षी ती गेली आणि थोड्याच दिवसांत तृतीया आली. मी घागर काढून धुतली. माझी थोरली बहीण तेव्हा डोंबिवलीहून येऊन राहिली होती. तिनं ती माझ्या हातातून हळूच काढून घेतली. "वर्षाच्या आत तिला पितरांत धरायचं नसतं रे. या वर्षी राहू दे." म्हणजे त्या वर्षी शैला घरातल्या माणसांतही नव्हती आणि गेलेल्या माणसांतही नव्हती. पेटीतले आंबे एकेक करून काळे पडले. त्या वासाचं काय करायचं ते आम्हा दोघा भावंडांना कळलं नाही.

या वर्षीची तृतीया तिची पहिली. त्याआधी मला एक काम पुरं करायचं होतं. एक व्हिडिओ गेम संपवायचा होता. हे वाक्य लिहिताना अजूनही संकोच वाटतो, पण दुसऱ्या कुठल्या शब्दांत ते सांगता येत नाही.

मी एका महाविद्यालयात ग्रंथपाल आहे. पुढच्या वर्षी निवृत्त होईन. पानाचा कोपरा दुमडून पुस्तक परत करणाऱ्या मुलांशी मी तीस वर्षं भांडत आलो. कादंबरी घ्यायला आलेल्या मुलीनं "सर, शेवट गोड आहे ना?" असं विचारलं तर मी कधी उत्तर दिलं नाही. शेवट हा वाचणाऱ्यानं चालत जाऊन गाठायचा असतो, असं माझं मत होतं. ते मत मी मोठ्या तत्त्वासारखं बाळगलं. शैला शाळेत पीटीच्या बाई. तरुणपणी ती खो-खो खेळायची, गुडघ्यावर त्याची खूण होती. आमच्या घरात पुस्तकं माझी आणि धावणं तिचं, अशी वाटणी लग्नापासूनच होती.

खेळ घरात आला तो तिच्या बोटांमुळे. केमोच्या चौथ्या फेरीनंतर तिच्या बोटांची टोकं बधिर झाली. ब्लाउजचे हुक लागेनात. तव्यावरची पोळी हातानं उलटताना चटका बसलेला कळेना, कातडीचा रंग बदलल्यावर दिसायचा. व्यायाम शिकवणाऱ्या डॉक्टरबाईंनी एक मऊ चेंडू दिला, दिवसातून शंभर वेळा दाबा म्हणाल्या. शैलानं तो दोन दिवस दाबला आणि तिसऱ्या दिवशी सोफ्याखाली जाऊ दिला. "आयुष्यभर मी पोरांना चेंडू दिले. आता मलाच चेंडू देऊन बसवतात होय?" आमची मुलगी मुक्ता हैदराबादला असते. तिचा खेळण्याचा कन्सोल लग्नानंतर आमच्या कपाटातच राहिला होता. ती फोनवर म्हणाली, "आई, कपाटातला तो बॉक्स काढ. बोटांना त्याच्याएवढा व्यायाम कशातच नाही."

माघ संपत आला होता. मुक्तानं व्हिडिओ कॉलवर तारा जोडायला शिकवलं. शैला हातातल्या वस्तूला रिमोट म्हणायची आणि मुक्ता दर वेळी "आई, कंट्रोलर" म्हणून दुरुस्त करायची. कपाटात चार-पाच खेळ होते. शैलानं डबीवरचं चित्र बघून एक निवडला. पांढऱ्या सपाट मैदानात उभी असलेली एकसारख्या इमारतींची ओळ, आणि वर दोन चंद्र.

खेळाची गोष्ट साधी होती. दूरच्या एका ग्रहावर माणसांनी आखीवरेखीव वसाहत बांधली आहे. तुम्ही एका लांब झोपेतून जागे होता तेव्हा वसाहतीत माणूस नाही. माणसांची राखण करायला बनवलेली यंत्रं तेवढी फिरत आहेत, आणि यादीत नाव नसलेल्या कुणालाही ती मारतात. तुमचं नाव यादीत नाही. हातात बंदूक, पाठीवर प्राणवायू. वसाहतीच्या दुसऱ्या टोकाला एक मनोरा, तिथं पोचायचं. पहिल्याच दिवशी भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं दिसलं, सेक्टर सात. नवी मुंबईत आमचेही पत्ते सेक्टरनंच सांगतात. शैला इतकी हसली की तिला खोकला आला. "अहो, हे तर कोपरखैरणे आहे. पुढं डावीकडे वळलं की डेपो लागेल बघा."

या प्रकारच्या खेळात आपल्याला आपण दिसत नाही. दिसतात ते फक्त पुढं धरलेले दोन हात, जाड हातमोजे घातलेले, आणि त्यांतली बंदूक. पुस्तकात याला प्रथमपुरुषी निवेदन म्हणतात, पण तिथं "मी" बोलतो तरी. इथला मी बोलत नाही. तो चालतो, वळतो, मान वर करतो. त्याचा चेहरा आरशातसुद्धा येत नाही. ते हात कधी थरथरायचे नाहीत. शैला एकदा खेळता खेळता थांबली आणि पडद्यावरच्या हातांकडे बघत राहिली. मग कंट्रोलर मांडीवर ठेवून स्वतःचे हात तिनं त्यांच्या शेजारी धरले. "हिचे हात बरे आहेत," ती म्हणाली. थोड्या वेळानं पुन्हा खेळू लागली.

तिच्या डोळ्यांतून औषधांमुळे सारखं पाणी यायचं. पडद्यावरची बारीक अक्षरं तिला वाचता येत नसत. म्हणून मी शेजारी बसू लागलो. आधी नाराजीनं. तो गोळीबार मला आवडत नव्हता आणि मी तसं बोलूनही दाखवलं होतं. पण त्या ओसाड घरांत पत्रं सापडायची. टेबलावर, गादीखाली, स्वयंपाकघराच्या कट्ट्यावर. पत्र दिसलं की शैला तिथं थांबायची आणि म्हणायची, "वाचा." मी इंग्रजी मजकूर मनात वाचून मराठीत सांगायचो. पाणी किती वाजता येतं याची नोंद. शाळेतल्या मुलांची हजेरी. सेक्टर नऊमधल्या एका बाईनं बहिणीला लिहिलेलं पत्र मला पाठ आहे. त्यात होतं, "इथं सगळंच नवं आहे. अजून कुणाच्याच घरात कुणी मेलेलं नाही." शैला म्हणाली, "आपण राहायला आलो तेव्हा आपल्या बिल्डिंगचं असंच होतं, नाही?" मी हो म्हणालो. मजल्यामजल्यावरच्या गेलेल्यांची नावं आम्ही दोघं मनात मोजत होतो, हे दोघांनाही कळत होतं.

त्या उन्हाळ्याच्या दुपारी मला अशा आठवतात. पंखा चारवर. खाडीकडून ओहोटीच्या वेळी येणारा चिखलाचा वास. शेजारच्या बोनकोडे गावात कुणाची तरी हळद असली की चार वाजल्यापासूनच ध्वनिक्षेपक तपासायला लावायचे आणि "हॅलो, हॅलो" आमच्या घरापर्यंत यायचं. ताटलीत काकडीच्या चकत्या, कारण तिला तेवढीच चव कळायची. हिराबाई फरशी पुसता पुसता थांबायच्या. त्या बोनकोड्याच्याच, आमच्याकडे बारा वर्षं काम करतात. पदरानं हात पुसत त्या पडद्याकडे बघायच्या.

"वयनी, हा मानूस परत मेला काय?"

"मेला."

"त्याला मरायचा कंटाला पन येत नाय?"

"येतो. पण परत उठवतात ना त्याला."

"मंग बराय बाबा त्याचा," म्हणून हिराबाई बादली घेऊन पुढच्या खोलीत जायच्या.

शैला फार मरायची नाही. मला वाटलं होतं बंदूक दिसली की सगळे गोळ्याच झाडतात. ती खो-खोसारखं खेळायची. यंत्र समोर आलं की डावीकडे हूल द्यायची आणि उजवीकडून निघून जायची. खांबाआड थांबायची, यंत्राची पाठ वळली की सटकायची. "मारायचं कशाला? ते आपली ड्यूटी करतंय. बाद न होता पलीकडे गेलं की झालं." पूर्ण एक सेक्टर तिनं एकही गोळी न झाडता पार केला आणि कंट्रोलर ठेवून विद्यार्थ्यांसाठी वाजवायची तशी टाळी वाजवली. त्या टाळीचा आवाज बारीक आला. बोटं नीट जुळत नव्हती.

आणि खेळात एक आवाज होता. जागं झाल्यापासून कानात एक माणूस बोलायचा. मनोऱ्यातून बोलतोय असं सांगायचा. डावीकडे वळा. इथं वाका. प्राणवायू कमी आहे, श्वास सावकाश घ्या. मी आहे. आवाज शांत, जरासा थकलेला. इंग्रजीतच बोलायचा, पण त्याचं बोलणं शैलाला माझ्याशिवाय समजायचं. पहिल्या आठवड्यातच तिनं त्याचं नाव भाऊजी ठेवलं. "थांबा हो, भाऊजी काय म्हणतात बघू दे." "भाऊजींना तिथं एकट्यानं बसून कंटाळा येत असेल." भाजीत मीठ किती घालू असं मी विचारलं तर म्हणायची, "भाऊजींना विचारा." कधी कधी तिच्या रात्रीच्या तापाची नोंद वहीत करताना माझ्या तोंडून त्याचंच वाक्य निघायचं, श्वास सावकाश घे. मग ती डोळे न उघडता म्हणायची, "हो भाऊजी."

आमचा एक वाद चालायचा. मला वाटायचं, मनोऱ्यात कुणी नसणार. तेवढी पुस्तकं वाचल्यावर असल्या गोष्टींचा शेवट लांबून दिसतो. ती म्हणायची, भाऊजी आहेत. "एवढा धीर देणारा माणूस खोटा कसा असेल?" मी युक्तिवाद केले. पत्रांतल्या तारखांचा हिशेब मांडून दाखवला, की इतकी वर्षं एकटा माणूस तिथं जगणं शक्य नाही. आता वाटतं, कशाला मांडला?

चैत्राच्या सुरुवातीला एका दुपारी ती शेवटच्या दाराशी पोचली. राखाडी दार, मधोमध एक गोल हँडल. भाऊजी म्हणाले, "मी आत आहे. या. घाई नाही." तिला समजलं होतं, तरी मी ते मराठीत सांगितलं. शैलानं कंट्रोलर खाली ठेवला.

"उघड की," मी म्हणालो.

"आज नको."

"का?"

"पेटी येऊ दे. तृतीयेला आंबा खाऊ आणि मग उघडू. एवढं चालत आले, नीट बसून बघू दे."

खेळ आपोआप जागा राखून ठेवतो. तिनं टीव्ही बंद केला. दोन दिवसांनी तिला ताप आला आणि आम्ही तिला रुग्णालयात नेलं. तिथून ती परत आली नाही.

रुग्णालयात चौथ्या दिवशी तिनं मला जवळ बोलावलं. मला वाटलं पाणी हवंय.

"अहो ग्रंथपाल. मोबाईलमध्ये बघा ना. भाऊजी आहेत का तिथं?"

"असं बघायचं नसतं."

"पोरं सगळं लिहून ठेवतात त्यात. मुक्ता सांगत होती. नुसतं आहेत का नाही एवढं बघा."

"घरी गेल्यावर तू स्वतः दार उघड. शेवट असा सांगितला तर काय मजा?"

"म्हणजे मी घरी जाणार आहे."

"जाणार."

तिनं माझ्याकडे बराच वेळ बघितलं. "तुम्ही वाचता छान," ती म्हणाली, "थाप तेवढी मारता येत नाही तुम्हाला."

दुसऱ्या दिवशी तिनं पुन्हा विचारलं, "बघितलं का?" मी नाही म्हणालो. ती म्हणाली, "बरं." त्यानंतर खेळाचा विषय तिनं काढला नाही.

मी का नाही बघितलं, याचं खरं उत्तर मला गेल्या वर्षभरात सापडलं आहे. तत्त्व वगैरे तोंडी लावण्यापुरतं होतं. शेवट सांगणं म्हणजे ती स्वतः दारापर्यंत जाणार नाही हे कबूल करणं होतं. ते मला कबूल करायचं नव्हतं. तिनं ते केव्हाच केलं होतं. माझ्या खिशात मोबाईल होता, त्यात उत्तर होतं, चार बोटांच्या अंतरावर. मी माझी भीती जपली आणि तिला तिचा प्रश्न तसाच घेऊन जाऊ दिला.

ती गेल्यावर आषाढापर्यंत मी टीव्हीला हात लावला नाही. मग एका रविवारी सकाळी कन्सोल सुरू केला. ती जिथं थांबली होती तिथंच मी उभा होतो. दाराशी. पडद्यावर तिचे हातमोजे. भाऊजी म्हणाले, मी आत आहे, या, घाई नाही. मी पाच-दहा मिनिटं नुसता तिथं फिरलो. भिंतीकडे बघितलं, तिच्या बंदुकीत राहिलेल्या गोळ्या बघितल्या. सगळ्या तशाच होत्या. दार उघडायचा धीर होईना. शिवाय मनात आलं, कुणाचंही पुस्तक शेवटच्या पानापासून वाचायला घेणं बरं नव्हे. पहिल्यापासून चालत यावं, तिनं बघितलं ते सगळं बघावं, मग दार उघडावं.

म्हणून मी नवा खेळ सुरू केला. खेळानं इंग्रजीत विचारलं, आधीची वाटचाल पुसली जाईल, चालेल का? मी ते वाक्य दोनदा वाचलं. आधीची वाटचाल म्हणजे मी आत्ता केलेली पाच-दहा मिनिटांची फेरी, असं मी समजलो. पुस्तक दुसऱ्यानं पहिल्यापासून वाचायला घेतलं म्हणून पहिल्यानं ठेवलेली खूण गळून पडत नाही. माझ्या आयुष्यभराच्या सवयीत खूण अशी पुसून टाकणारी वस्तूच नव्हती. मी हो म्हणालो.

संध्याकाळी मुक्ताला फोनवर सहज सांगितलं. तिनं मला लगेच टीव्ही लावायला सांगितला.

"बाबा, जुना सेव्ह आहे का बघा. मेनूत. वरून दुसरी ओळ."

"एकच ओळ आहे."

"त्यापुढं काय लिहिलंय?"

"सेक्टर एक."

मग ती म्हणाली, "असू दे, बाबा. तुम्हाला माहीत नव्हतं." आईच्या आजारात ती माझ्यावर कधी रागावली नव्हती. तेव्हाही रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं.

शैलाच्या वस्तू घरात पुष्कळ आहेत. साड्या, शिट्टी, खो-खोचे कप. पण त्या सगळ्या तिनं ठेवून दिलेल्या वस्तू आहेत. ती चालता चालता थांबली होती अशी जागा एकच होती, आणि ती मी पुसली. आता ती परत आणायची तर एकच मार्ग होता. सेक्टर एकपासून त्या दारापर्यंत स्वतः जायचं.

मला खेळता येत नव्हतं. माझ्या दोन अंगठ्यांना वेगवेगळं काम एका वेळी करायची सवय नाही. मी भिंतींवर आपटायचो. यंत्र दिसलं की घाबरून सगळ्या गोळ्या झाडायचो आणि रिकाम्या बंदुकीनिशी मरायचो. पडदा करडा व्हायचा, क्षणभरानं मी पुन्हा उभा. एका अरुंद बोळात मी श्रावणाचा अख्खा महिना मरत होतो. एक दिवस हिराबाई फडकं हातात घेऊन मागं उभ्या राहिल्या.

"भाऊ, तुमी लय मरता. वयनी येवढ्या नाय मरायच्या."

बोलून गेल्यावर त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी तोंडावर पदर धरला. मी म्हणालो, "खरं आहे हिराबाई." त्या स्वयंपाकघरात गेल्या आणि भांडी घासताना नळ मोठा सोडला.

मग मी हूल द्यायला शिकलो. डावीकडे झुकायचं आणि उजवीकडून निघायचं. पहिल्यांदा जमलं तेव्हा मी शेजारी वळून बघितलं. सोफ्याच्या त्या भागावर अजून कुणी बसत नाही. पत्रं पुन्हा सापडू लागली. मी ती मोठ्यानं मराठीत वाचायचो, कारण मनात वाचली तर ती इंग्रजीच राहायची. सेक्टर नऊमधल्या बाईचं पत्र आलं तेव्हा मी ते वाचलं नाही, टेबलावरून नुसता पुढं गेलो. दिवाळी गेली, पौष गेला. कॉलेजात परीक्षा सुरू झाल्या. मुलं ग्रंथालयात येऊन वह्या उघडून बसू लागली आणि मी त्यांच्याकडे बघत मनात पुढच्या सेक्टरचा रस्ता आखू लागलो. एका मुलानं विचारलं, "सर, बरं नाही का?" मी म्हटलं, "डोळे दुखतात."

दु:खाचं म्हणतात की हळूहळू कमी होतं. माझ्या बाबतीत त्याला फक्त वेळापत्रक मिळालं. रविवार सकाळ आणि गुरुवार संध्याकाळ.

या वर्षी पेटी आली त्याच आठवड्यात, गेल्या रविवारी सकाळी अकरा वाजता, मी दाराशी पोचलो. तेच राखाडी दार, तेच गोल हँडल. "मी आत आहे. या. घाई नाही." माझ्या बंदुकीत चारच गोळ्या होत्या. तिच्या खूप होत्या. मी उठून पाणी प्यालो, परत येऊन बसलो आणि दार उघडलं.

आत एक लहान खोली होती. खुर्ची, टेबल, टेबलावर वाळून तळाशी काळा झालेला कप. खुर्चीत कुणी नव्हतं. भिंतीवर एक यंत्र चालू होतं आणि त्याच्या पडद्यावर वाक्यांची यादी होती. डावीकडे वळा. इथं वाका. श्वास सावकाश घ्या. मी आहे. कुणा माणसानं ती सगळी एका बैठकीत बोलून ठेवली होती, पुढं कधी कुणी जागं झालंच तर असावीत म्हणून. आपण कुठं पोचलो ते यंत्र बघायचं आणि त्या जागेचं वाक्य लावायचं. बोलणारा माणूस आपण जागे होण्याच्या कितीतरी आधी गेलेला होता. मी म्हणालो होतो तसंच. माझं म्हणणं बरोबर निघालं.

मी विचार करत बसलो, की त्या दिवशी मोबाईल उघडला असता तर हे वाचलं असतं. मग खाटेशी वाकून काय सांगितलं असतं? आहेत, असंच म्हणालो असतो. तिनं माझ्या तोंडाकडे बघून ओळखलं असतं की नाहीत. आणि तरी कदाचित "बरं" म्हणाली असती, पण जरा वेगळ्या आवाजात. त्या आवाजापुरतं मला खोटं बोलायला हवं होतं. माणसं एकमेकांसाठी तेवढं करतात. मी शेवटाची शुद्धता राखली.

खेळानं शेवटी दोनच गोष्टी विचारल्या. यंत्र चालू ठेवायचं, की बंद करायचं. दोन हातमोजे पुढं धरलेले, खाली दोन शब्द. शैलानं काय केलं असतं, मला माहीत नाही. सदतीस वर्षांच्या संसारात हा प्रश्न कधी आला नव्हता. मला ती परिचारिका आठवली. तिनंही असंच हात पुढं करून बटण दाबलं असेल, कुणाला न विचारता, कारण विचारायला तिथं कुणी नव्हतं. मी तळमजल्यावर रांगेत होतो.

मी बंद केलं. कुणीच नसताना इतक्या मायेनं बोलणारा आवाज मला ऐकवेना. खोली गप्प झाली. बाहेरच्या मैदानावर दोन चंद्र दिसले. मग खेळ बनवणाऱ्यांची नावं खालून वर जाऊ लागली, खूप नावं, मी ती सगळी वाचली. ती संपली तसा पडदा काळा झाला आणि मला वाटलं, झालं.

पण हा खेळ संपल्यावर माणसाला परत मागं आणून ठेवतो. पडदा उजळला तेव्हा मी शेवटच्या दाराबाहेर उभा होतो. दार बंद. बंदुकीत चार गोळ्या. कानात भाऊजी म्हणाले, "मी आत आहे. या. घाई नाही."

मी टीव्ही बंद केला नाही. जेवणवेळ होईपर्यंत तिथंच बसलो होतो. तो आवाज दर थोड्या वेळानं तेच म्हणत राहिला.

आज अक्षय्य तृतीया. सकाळी घागर भरली, तिच्या गळ्याला दोरा बांधला, पाटावर केळीच्या पानाच्या तुकड्यावर पहिला आंबा ठेवला. शैलाचं नाव घेतलं. आई, वडील आणि मग ती, या क्रमानं. तिला शेवट सांगायचा असं वर्षभर ठरवलं होतं. खरं सांगायचं की आहेत म्हणायचं, यावर आठवडाभर विचार केला होता. पाटासमोर बसल्यावर कळलं, की खोटं तेव्हा उपयोगाचं होतं आणि खरं आता कुणाच्याच उपयोगाचं नाही. मी काही बोललो नाही. घागरीच्या बाहेरून पाणी पाझरत होतं आणि पाटाखाली ओल पसरत होती. ती पुसून उठलो. मुक्ताचा फोन आला तेव्हा तिनं विचारलं, "आंबा कसा निघाला, बाबा?" मी म्हटलं, "चांगला आहे." कापलेला नव्हता.

दुपारी उरलेली पेटी हिराबाईंना दिली. घागर स्वयंपाकघरात आहे. खेळ शेवटच्या दाराशी थांबलेला आहे. शेवट मला माहीत आहे, आणि घरात विचारणारं कुणी नाही.